आईला परत बटनाचा फोन द्यावा का?

ओसरी

आई ६८ वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त. कराडजवळ गावी एकटी राहते, मी पुण्यात. गेल्या महिन्यात तिला 'डिजिटल अरेस्ट'वाल्यांनी गाठलं.

सकाळी नऊला साधा फोन आला. तुमच्या आधारवर मुंबईत खातं उघडलंय, त्यातून काळा पैसा फिरलाय, वगैरे, सगळं हिंदीत. मग व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल. खाकी वर्दी, मागे अशोकस्तंभ. दार लावून घ्या, फोन बंद करायचा नाही, कुणाला सांगितलंत तर मुलालाही उचलू. आई साडेपाच तास स्वयंपाकघरात फोन साखरेच्या डब्याला टेकवून त्यासमोर बसून होती. मध्ये एकदा तहान लागली तर तिनं विचारलं, "सर, पाणी पिऊ का?" आयुष्यभर पोरांनी जिला विचारून पाणी प्यायलं, ती बाई. हे ऐकल्यापासून मला झोप नाही.

'पडताळणी' म्हणून यूपीआयनं ४० हजार गेले. अडीच वाजता सहा लाखांची एफडी मोडायला बँकेत पाठवलं, पर्समध्ये कॉल चालूच. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, कशाला मोडताय? आईनं पढवल्याप्रमाणे सांगितलं, मुलाला फ्लॅट घ्यायचाय. मुलगी म्हणाली, "मग दादांना फोन लावा की काकू, मी बोलते." तिथं आईला रडू फुटलं आणि एफडी वाचली. संध्याकाळी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला कळवलं, पण ४० हजार तोवर तीन खाती पुढं गेले होते.

माझं मत ठरलंय. व्हॉट्सॲप, यूपीआय सगळं बंद, दीड हजाराचा बटनाचा फोन. बँकेचं काय असेल ते महिन्यातून एकदा मी येऊन करीन. बहिणीला पटतंय, बायकोला नाही. तुम्हाला काय वाटतं? आईला हा धागा दाखवणार नाहीये, तेव्हा मोकळेपणानं लिहा.

कॅशकाउंटर

३१ वर्षं बँकेत काढली. तुमच्याशी सहमत.

एक गैरसमज आधी काढतो, कारण आता कुणीतरी रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक दाखवेलच. तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, हे खरं. पण ते ग्राहकाच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांना, तेही चूक बँकेची किंवा तिसऱ्याच कुणाची असेल तर. आईंनी पिन स्वतः टाकलाय. भीतीनं दाबलेला पिन आणि भाजीवाल्याला दाबलेला पिन, संगणकाला दोन्ही सारखेच.

डिजिटल अरेस्ट नावाची गोष्ट कायद्यात नाही. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये सांगून झालं. कुणालाही फोन लावला की अमिताभ बच्चन कानात सावध करत होते, लोक त्यालाच वैतागले होते. तरी माणसं फसतायत. सांगून भागत नसेल तर हातातून काढून घ्यावं.

अगदीच बंद नको असेल तर यूपीआय सर्कल बघा, २०२४ मध्ये आलंय. खातं तुमचं, फोन आईंचा. त्या पैसे देताना विनंती तुमच्याकडे येते, तुम्ही पिन टाकला तरच पैसे जातात.

निंबोणी

कॅशकाउंटर, ते सर्कल माझ्या मुलानं मला बसवून दिलंय, मोठ्या प्रेमानं. कसं चालतं ते सांगते.

औषधाच्या दुकानात बीपीच्या गोळ्या घेतल्या, ३४० रुपये. विनंती गेली हैदराबादला, मुलगा मीटिंगमध्ये. मी काउंटरला टेकून उभी, मागे चार माणसं. दुकानदार भला, म्हणाला, "राहू द्या काकू, उद्या द्या." सांगलीत चाळीस वर्षं संसार केला, कुणाची उधारी ठेवली नव्हती. आणि रविवारी मुलाचा फोन. "आई, मंगळवारी १८० रुपये कशाचे गं?" मैत्रिणींबरोबर मिसळ खाल्ली होती. सांगितलं नाही. भाजी म्हटलं.

त्या चोरानं ओसरींच्या आईला पाणी पिऊ का विचारायला लावलं. तुम्ही मिसळ खाऊ का विचारायला लावताय.

कॅशकाउंटर

ताई, तो अर्धवट प्रकार झाला. पूर्ण मुभा देता येते. महिन्याला कमाल १५ हजार, एका वेळी ५ हजारांपर्यंत, मर्यादा एकदा ठरवली की दरवेळी विचारावं लागत नाही.

निंबोणी

मर्यादा कोण ठरवतं?

सातबारा

तुम्हा शहरवाल्यांना बटनाच्या फोनचं फार कौतुक. आमच्याकडं या. जमीन आईच्या नावावर. ई-पीक पाहणी २०२१ पासून मोबाईलवर, म्हणजे रानात उभं राहून ॲपमध्ये पिकाचा फोटो. नाही केली तर सातबाऱ्यावर पेरा कोरा. पेरा कोरा म्हटल्यावर नुकसानभरपाईला कुठल्या तोंडानं जायचं? बटनाच्या फोनवर कापसाचा फोटो काढून दाखवा.

मी ट्रकवर, पंधरा पंधरा दिवस घरी नसतो. आई शाळेत गेली नाही, पण ॲपमध्ये गट नंबर कुठं टाकायचा हे तिला गावातल्या शिकलेल्या पोरांपेक्षा जास्त कळतं. रेंजसाठी बांधावरच्या लिंबाखाली जाऊन उभी राहते. गेल्या हंगामात तिनं शेजारच्या सहा जणींची पाहणी करून दिली, दोघींनी तिला शेंगदाणे दिले.

फोन काढून घेतला तर ही कामं करायला दलाल टपलेलेच आहेत. तोही लुटतोच, फक्त समोर बसून.

तिसरा_मजला

मुळात हा म्हाताऱ्यांचा प्रश्न आहे हेच चूक. आमच्या ऑफिसात २९ वर्षांचा इंजिनिअर टेलिग्रामवरच्या शेअर ट्रेडिंग गटात पावणेतीन लाख घालवून बसला. त्याच्या आईनं त्याचा फोन काढून घेतला का?

आणि बटनाचा फोन सुरक्षित, हे कुणी सांगितलं? जामताऱ्याहून "आपका एटीएम कार्ड ब्लॉक हो गया है" म्हणणारे फोन आले तेव्हा निम्म्या देशाकडे बटनाचेच फोन होते. चोराला कॅमेरा लागत नाही, घाबरलेला माणूस लागतो.

भोपळे_चौक

तिसरा_मजला, हुशारी पुरे.

माझ्या वडिलांचे २३ लाख गेले. निवृत्तीचा सगळा पैसा. चार दिवस बाबा खोलीत होते, आई बाहेरून ताट सरकवत होती, तिला वाटलं तब्येत बरी नाही. आता दाराची बेल वाजली तरी बाबा आधी खिडकीतून बघतात. नातवंडं व्हिडिओ कॉल करतात तेव्हा उठून गॅलरीत जातात. स्वाभिमान, स्वातंत्र्य सगळं मान्य आहे हो, पण त्या चार दिवसांत घरात स्मार्टफोन नसता तर त्यांना कुणी वर्दी दाखवू शकलं नसतं. साध्या फोनवर कुणी चार दिवस कोंडून ठेवत नाही.

अंबाल्याच्या अशाच एका वयस्क जोडप्याचा एक कोटीहून जास्त पैसा गेला, खोटे कोर्टाचे आदेश दाखवून. त्यांच्या तक्रारीवरून सर्वोच्च न्यायालयानं २०२५ च्या ऑक्टोबरात स्वतःहून दखल घेतली, डिसेंबरात तपास सीबीआयकडे दिला. म्हणजे देशातल्या सगळ्यात मोठ्या कोर्टाला जे आवरायला सीबीआय लागते, ते ६८ वर्षांच्या बाईनं एकटीनं ओळखावं अशी तुमची अपेक्षा.

ओसरी, फोन आजच बदला.

तिसरा_मजला

भोपळे_चौक, चुकलं माझं. पण एक विचारतो, राग मानू नका. बाबांच्या एफडी मोडल्या तेव्हा बँकेत कुणी काही विचारलं?

भोपळे_चौक

नाही. दोन शाखा, तीन वेळा. एकानं चहा विचारला.

तिसरा_मजला

मग माझा मुद्दा तोच आहे. ओसरींच्या आईला वाचवलं काउंटरवरच्या एका प्रश्नानं. ७० वर्षांचा माणूस एकाच दिवशी सगळ्या एफडी मोडून अनोळखी खात्यात पाठवतोय, तर तिथं २४ तास थांबवायला काय जातं? अडथळा मोठ्या रकमेला घाला ना, माणसाच्या हाताला कशाला?

कॅशकाउंटर

बोलायला सोपं आहे. मी एकदा एका गृहस्थांना असंच विचारलं होतं, कशासाठी काढताय? त्यांनी वरपर्यंत तक्रार केली, "माझे पैसे, हा कोण विचारणारा." मला लेखी खुलासा द्यावा लागला. मुलीच्या लग्नाचे होते, आणि मुलगी पळून जाऊन लग्न करत होती म्हणून त्यांना ते बोलायचं नव्हतं. त्यानंतर दोन वर्षं मी कुणाला काही विचारलं नाही. त्या दोन वर्षांत काय काय गेलं असेल, कुणास ठाऊक.

त्या काउंटरवरच्या मुलीचं मात्र खरंच कौतुक. शाखाधिकाऱ्यांना पत्र लिहा, ओसरी. तिच्या कामी येईल.

निंबोणी

भोपळे_चौक, तुमच्या बाबांचं वाचून मघापासून गप्प बसले होते. तरीही लिहिते.

लॉकडाऊनमध्ये मी याच फोनवर मोडी शिकले. सासऱ्यांच्या ट्रंकेत कागद होते, कुणाला वाचता येत नव्हते. आता झूमवर आम्ही दर गुरुवारी बसतो, बडोद्याच्या एक आणि बेळगावच्या दोघीजणी धरून अकरा बायका, आणि एका ओळीवरून भांडतो. गेल्या गुरुवारी 'सनद' की 'सदन' यावर पाऊण तास गेला. माझे मिस्टर गेल्यापासून ज्या दिवसाची मी वाट बघते तो गुरुवार आहे.

बाबांचा फोन काढून घेतलात, ठीक. पण नातवंडांचा कॉल आला की ते गॅलरीत जातात ते फोनमुळे नाही. आपण फसलो याची त्यांना लाज वाटतेय. बटनाचा फोन हातात दिलात की ती लाज रोज खिशात घेऊन फिरायची. कुणीही विचारणार, काका, स्मार्टफोन काय झाला?

भोपळे_चौक

हा विचार केला नव्हता. पण फोन परत देण्याची हिंमत माझ्यात नाही, हेही खरं.

सातबारा

यूपीआय बंद, बाकी फोन चालू, असं का करत नाही? आईच्या फोनमध्ये मी ते टाकलेलंच नाही. ती म्हणते, पैसा कनवटीलाच बरा.

ओसरी

चार दिवसांनी लिहितोय. गावी जाऊन आलो. बटनाचा फोन घेऊन गेलो होतो, तो तसाच खोक्यासकट परत आणलाय.

मी पोचायच्या आधीच आईनं तिची व्यवस्था लावली होती. पेन्शनच्या खात्याचं यूपीआय बंद केलं. दुसऱ्या बँकेत जुनं खातं होतं त्यावर यूपीआय ठेवलं, त्यात महिन्याला सहा हजारच टाकायचे. जातील तर तेवढेच. एफडी दोघांच्या सहीशिवाय मोडणार नाही अशी करतेय. दुसऱ्या सहीला मला घेतलं नाही, सुनेला घेतलं. विचारलं तर म्हणाली, "तू विचारत बसतोस." आता हे कुठून आलं ते मी समजलो, निंबोणीताई.

कारण धागा तिनं वाचलाय. बहिणीनंच लिंक पाठवली, घरचा भेदी. मी दारात पाऊल टाकलं तर ही चष्मा लावून तुमचे प्रतिसाद वाचत होती. मला म्हणाली, पाणी पिऊ का विचारलं हे चारचौघांत लिहायची काय गरज होती? मी काही बोललो नाही. मग थोड्या वेळानं आतून म्हणाली, "आणि साखरेचा नव्हे, पोह्यांचा डबा होता. दुरुस्त कर."

आता मूळ धाग्यात बदल करता येत नाहीये. तर इथं लिहितो: पोह्यांचा डबा.