मदत हवी आहे: भेंडे पिवळे पडतायत, बटाट्याची झाडं माना टाकतायत

मयेची_लेक
नमस्कार. पोरसात भेंडे आणि बटाटे लावलेत. भेंड्यांची पानं पिवळी पडायला लागली, आता फळंही पिवळट आणि राठ येतात. बटाट्याची झाडं परवापर्यंत टवटवीत होती. काल दुपारी तीन झाडांनी एकदम माना टाकल्या. पाणी घातलं, सकाळी जरा उभी राहिली, दुपारी परत आडवी. कोणतं खत घालू? लवकर सांगा, रोज एकेक झाड जातंय.

कुळागरकार
खताचं मागाहून. लावलं कधी? माती तांबडी की मळ्यातली? पाणी किती? ऊन किती? यातलं काहीच लिहिलं नाहीस.

मयेची_लेक
माती तांबडी, घर बांधताना उपसलेली, वर शेणखत. बटाटे नोव्हेंबरच्या शेवटी, भेंडे त्यानंतर आठ-दहा दिवसांनी. बांयचं (विहिरीचं) पाणी, सकाळ-संध्याकाळ. ऊन दिवसभर. आता खत सांगा.

पेडण्याचा_शेतकरी
जीवामृत घाला, दुसरं काही नको. १० किलो देशी गाईचं शेण, १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, मूठभर बांधाची माती, २०० लिटर पाणी. घरच्यापुरतं हवं तर सगळ्याचा विसावा भाग. सावलीत ठेवून सकाळ-संध्याकाळ ढवळायचं. सहा वर्षं मी बाजारातली पुडी आणलेली नाही.

कृषी_पदवीधर
जीवामृताने माती सुधारेल, पण झाडात शिरलेला विषाणू त्याने निघत नाही. ताई, भेंड्याचं एक पान तोडून उजेडात धरा. शिरा पिवळ्या आणि मधला भाग हिरवा आहे, की शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा? दोन्हींचा अर्थ वेगळा. पानाच्या मागे काय दिसतं तेही बघा.

साखळीचे_मास्तर
मुळात गोव्यात बटाटा लावायचाच कशाला? त्याला कंद धरायला रात्री थंडी लागते, १५ ते २० अंश. आपल्याकडे किनारपट्टीला जानेवारीतही रात्री २० च्या आसपास. पाला माजतो, खाली काही नसतं. बेळगावकडे होतो कारण तिथे घाटावरची हवा आहे. आपल्या मातीत रताळी लावा, काटेकणगी लावा, सुरण लावा.

सत्तरीची_सून
मास्तर, क्षमा करा, पण माझ्याकडे झाले आहेत. गोणीत लावले होते, सव्वा किलो बियाण्याचे अडीच किलो निघाले. आकार लिंबाएवढा, पण चवीला बाजारच्यापेक्षा सरस. रात्री आमच्याकडे घाटाचा गारवा उतरतो. ताई, गोणीत लावा!

साखळीचे_मास्तर
अडीच किलोसाठी तीन महिने पाणी घातलंत. मी हौसेला नाही म्हणत नाही, पण पोरसाची जागा थोडी असते.

मयेची_लेक
शिरा पिवळ्या, मधला भाग हिरवा. नवीन पानं तर सगळीच पिवळी. पान हलवलं तेव्हा मागून पिठाची भुकटी उडावी तसं पांढरं उडालं. आणि बटाटे का मरतायत ते कोणीच सांगितलं नाही.

कृषी_पदवीधर
भेंड्यांचं निदान झालं. हा पिवळ्या शिरांचा मोझॅक, शेतकरी केवडा म्हणतात. ती उडणारी पांढरी माशी रोगी झाडाचा रस शोषून दुसऱ्या झाडावर बसते आणि विषाणू पोचवते. लागलेल्या झाडाला औषध नाही. जास्त पिवळी झाडं उपटा. उरलेल्यांवर ५ मिली कडुलिंबाचं तेल, थोडा साबण, एक लिटर पाणी असं मिश्रण पानांच्या मागून फवारा, उन्हं उतरल्यावर. पिवळ्या पत्र्याला एरंडेल चोपडून झाडांच्या उंचीवर टांगा, माशी चिकटते. शेजारचं तण काढा.
बटाट्यासाठी एक प्रश्न: त्याच वाफ्यात आधी काय होतं? आणि बियाणं कुठलं?

म्हापशेकार
पुढच्या वेळी परभणी क्रांती हे वाण लावा, केवड्याला दाद देत नाही.

कुळागरकार
पूर्वी देत नव्हती. माझ्याकडे दोन वर्षांमागे तिलाही लागला. अर्का अनामिका बरी.

म्हापशेकार
तुमचं बियाणं जुनं असेल.

कुळागरकार
सीलबंद पाकीट होतं.

मयेची_लेक
गेल्या पावसात तिथे वांगी होती. तीही अशीच बसली होती, मुळं कुजली असतील असं समजून काढून टाकली. बटाटे दुकानातलेच, घरात कोंब आले म्हणून लावले. याचा काय संबंध?

कृषी_पदवीधर
सगळा संबंध इथेच आहे. वांगी, टोमॅटो, मिरची, बटाटा ही एकाच कुळातली झाडं, आणि मर रोगाचा जिवाणू यांच्यापैकी एकातून मातीत राहिला की दुसऱ्याला धरतो. राल्स्टोनिया त्याचं नाव. बियाण्याच्या बटाट्यातूनही येतो. ओली, गरम माती त्याला मानवते.
पण नुसत्या अंदाजावर झाडं उपटू नका. एक सुकलेलं झाड घ्या, खोड जमिनीपासून चार बोटांवर कापा, बोटभर तुकडा ठेवा. काचेच्या पेल्यात स्वच्छ पाणी, त्यात तुकड्याचं टोक बुडेल असा धरा. हलवू नका. काही मिनिटांत दुधासारखा धागा खाली उतरला तर जिवाणूच.

पेडण्याचा_शेतकरी
एवढं करण्यापेक्षा मातीत चुना घाला. आपली तांबडी माती आंबट असते.

कृषी_पदवीधर
चुना मातीची तपासणी करून घालायचा. अंदाजाने घातला तर लोह-जस्त झाडाला मिळेनासं होतं. जुन्या गोव्याला इला येथे केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे, माती घेऊन तिथे चौकशी करा. तालुक्याच्या कृषी कार्यालयातही मार्गदर्शन मिळतं.

शब्दवेडा
बटाटा हा शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला, आणि त्यांनी तो कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांकडून. तिथे 'बाताता' म्हणजे रताळं! म्हणजे मास्तर रताळी लावा म्हणतात ते नावानेही बरोबरच आहे. उत्तरेत 'आलू', आपण 'बटाटा', समुद्राचा रस्ता शब्दात राहिला आहे.

भाटातलीआजी
बाय, पिवळट भेंडा राठ झाला तरी फेकू नको. कोवळं टोक काढून सुंगटांच्या हुमणात (कोळंबीच्या कालवणात) घाल, वर दोन सोलां (आमसुलं). रोगट म्हणून काही होत नाही, रोग झाडाचा, आपला नव्हे.

मयेची_लेक
पेल्याचं केलं. खिडकीत उजेडाकडे धरला होता. आधी काहीच नाही, दोन मिनिटं झाली असतील. मग कापलेल्या टोकातून बारीक पांढरा धागा सुटला, अगरबत्तीचा धूर उलटा खाली यावा तसा, आणि तळाला पाणी गढूळ झालं. आईला हाक मारून दाखवलं, ती बोललीच नाही काही वेळ. ते झाड खणलं तर सुपारीएवढे सात बटाटे. एक कापला, सालीच्या आत तपकिरी कडं, दाबल्यावर त्यातून चिकट थेंब आले. आता काय?

कृषी_पदवीधर
वाईट वाटलं, पण आता खात्री झाली. सुकलेली झाडं मुळांसकट, आजूबाजूची माती घेऊन काढा. खतखड्ड्यात अजिबात नको, जाळा. खोरं धुऊन उन्हात ठेवा, त्याच खोऱ्याने दुसऱ्या वाफ्यात जाऊ नका. त्या वाफ्यातलं पाणी दुसरीकडे वाहू देऊ नका आणि दोन वेळचं पाणी बंद करा. किमान दोन-तीन वर्षं तिथे वांगी, टोमॅटो, मिरची, बटाटा काहीच नको. मका चालेल, भेंडेही चालतील, तो या कुळातला नाही.

सत्तरीची_सून
उरलेले बटाटे तरी गोणीत हलवू का म्हणावं?

कृषी_पदवीधर
नको. रोग गोणीत जाईल.

साखळीचे_मास्तर
ताई, मी वर जरा टोकून लिहिलं. वाफा मोकळा झाला की सांगा, रताळ्याचे वेल देतो, डिचोलीच्या बाजाराला येईन तेव्हा आणतो.

जुव्याचाभेंडो
उशिरा वाचलं. भेंडे लावायचेच तर आमच्या जुव्याचे सात शिरांचे लावा. सांत इस्तेव्ह म्हणजे शाकेचो जुवो, भाजीचं बेट, तिथला हा भेंडो. साधा पाच शिरांचा, हा सात शिरांचा, जाड, फिकट, आणि हातभर वाढला तरी कोवळा. त्याला आता जीआय (भौगोलिक ओळखीचं) मानांकनही आहे. बी घरचं आहे माझ्याकडे. पण आता नको, माशी उडते तोवर थांबा. जूनमध्ये पहिल्या पावसावर बी रात्रभर भिजवून लावा, दोन झाडांत हात-दीड हात अंतर, म्हणजे चतुर्थीला घरचे भेंडे मिळतील.

मयेची_लेक
बटाट्याची अकरा झाडं काढली, जाळली. भेंड्यांची नऊ उपटली, पंधरा ठेवली. दोन उपटलेल्यांना फुलं होती, आई ती तोडू देत नव्हती, शेवटी तिनेच उपटली. पिवळा पत्रा टांगला आहे, सकाळपर्यंत माशांनी अर्धा भरला. जुव्याचं बी मला हवं आहे. माती घेऊन सोमवारी इल्याला जाते. किती खोलीवरची घ्यायची?

कुळागरकार
वीतभर खोल. चार-पाच जागची घे, एकत्र कर, त्यातली अर्धा किलो सावलीत वाळवून ने. रोगट वाफ्याची वेगळी पिशवी.