शब्दचर्चा: शेजारी कारखान्यांचं ‘सहजीवन’ आणि ‘वाचलेलं’ प्रदूषण

एका अहवालाचं मराठी करतेय. शेजारशेजारचे कारखाने एकमेकांची वाफ, राख, वापरून झालेलं पाणी घेतात त्याला इंडस्ट्रियल सिम्बायोसिस म्हणतात, तर त्याला ‘औद्योगिक सहजीवन’ लिहिलं तर लोक हसतील का? आणि ‘अव्हॉइडेड एमिशन्स’ला ‘उत्सर्जनातली बचत’ म्हटलं तर चालेल ना?

— सहजीवन बिनधास्त लिहा. मूळ जीवशास्त्रातलाच शब्द आहे, फक्त तिथे दोघांचा फायदा व्हायलाच पाहिजे अशी अट नाही, जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ द बारीने १८७९ मध्ये व्याख्या केली त्यात परजीवीसुद्धा बसतात :) कारखान्यांच्या बाबतीत मात्र दोघांचा फायदा गृहीतच असतो. डेन्मार्कच्या कालुंडबोर्गमध्ये १९६१ पासून तळ्याचं पाणी पाइपने रिफायनरीला जायला लागलं, मग १९७२ मध्ये रिफायनरीचा जास्तीचा गॅस शेजारच्या प्लास्टरबोर्डवाल्याला, असं एकेक जुळत गेलं आणि सिम्बायोसिस हे नाव चिकटलं थेट १९८९ च्या सुमारास. तोवर तो त्यांच्या दृष्टीने साधा धंद्याचा व्यवहार होता.

— ‘बचत’ नको हो. बचत म्हटलं की वाचणारा समजतो मागच्या वर्षी इतकं होतं, यंदा इतकं कमी झालं, म्हणजे मीटरवर दिसणारी गोष्ट. इथे तुलना असते न घडलेल्या गोष्टीशी, की ही देवाणघेवाण नसती तर काय झालं असतं. ‘टळलेलं उत्सर्जन’ लिहा, आणि लगेच पुढे ‘कशाच्या तुलनेत’ तेही लिहा, नाहीतर आकड्याला अर्थ नाही.

— +१. म्हणूनच बेसलाइनला, म्हणजे ज्याच्याशी तुलना करायची त्या स्थितीला, ‘पूर्वस्थिती’ लिहू नका, खूप जण लिहितात. समजा शेजाऱ्याला वाफ मिळाली नसती तर त्याने गॅसचा बॉयलर लावला असता की कोळशाचा, की पवनऊर्जेवर इलेक्ट्रिक बॉयलर चालवला असता? तिन्हीत फायदा वेगळा, शेवटच्यात तर जवळजवळ शून्य. ‘तुलनास्थिती’ बरा वाटतो. आणि ‘वाया जाणारी उष्णता’ हेही जरा जपून वापरा, कारण वाफ टर्बाइनच्या मधूनच काढून दिली असेल तर तेवढी वीज कमी तयार होते आणि ती कुठून तरी भरून काढावी लागते, मग ती वाया जात होती असं कसं म्हणायचं?

— ‘श्रेय’ हा शब्दही घ्या त्यात, क्रेडिटसाठी. वीजकेंद्राच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड चुनखडीने धरला की जिप्सम मिळतं, ते प्लास्टरबोर्डवाला घेतो, खाणीतलं जिप्सम तेवढं कमी लागतं. आता टळलेलं खाणकाम कोणाच्या खात्यात? दोघांनी आपापल्या अहवालात दाखवलं तर एकच गोष्ट दोनदा मोजली जाते. अहवाल बनवणाऱ्यांना हे ठाऊक असतं, तरी दोन्हीकडे छापून येतं ;) आयएसओ १४०४४ मध्ये (जीवनचक्र मूल्यांकनाचं आंतरराष्ट्रीय मानक) तर प्रदूषणाच्या भाराची अशी वाटणी शक्य असेल तिथे टाळाच म्हणतात, दोन्ही कारखाने एकाच चौकटीत घेऊन मोजा.

— ॲलोकेशनला ‘वाटणी’ छान बसतो. ‘वाटप’ नको, रेशन आठवतं.

— ‘बाय-प्रॉडक्ट’ला?

— उपउत्पादन, सगळीकडे चालतो. पण राख आधी ‘टाकाऊ’ आणि विकली की ‘उपउत्पादन’ असं केलं की हिशोबही बदलतो, कारण टाकाऊच्या डोक्यावर भार बसत नाही आणि उपउत्पादनावर थोडा बसू शकतो. ती राख सिमेंटमध्ये मिसळणारे सिमेंटवाले तिला टाकाऊच म्हणणार, का ते उघड आहे.

— मस्त, आभार सगळ्यांचे. आत्ता वाक्य असं झालंय: ‘दोन्ही कारखाने एकत्र धरून, शेजाऱ्याने स्वतःचा गॅस बॉयलर चालवला असता या तुलनास्थितीशी ताडून पाहता टळलेलं उत्सर्जन’. लांबलंय खूप, तक्त्याच्या मथळ्यात कसं मावणार?

— मथळ्यात ‘टळलेलं उत्सर्जन’ आणि बाकीचं तक्त्याखाली टीप म्हणून, पण त्याच पानावर हं, परिशिष्टात ढकलू नका.