पवनचक्क्या वाढल्यावर ५० हर्ट्झ कोण सांभाळणार?

सबस्टेशनवाला (मूळ धागा)
कंट्रोल रूममधल्या मीटरवरचा फ्रिक्वेन्सीचा (विजेच्या दर सेकंदाच्या आवर्तनांचा, हर्ट्झमधला) आकडा ४९.९०च्या खाली सरकला की आजही माझ्या छातीत धस्स होतं. आपला परवानगीचा पट्टा ४९.९० ते ५०.०५, बस्स एवढाच. मोठा वीजनिर्मिती संच ट्रिप झाला, म्हणजे अचानक बंद पडला, की फ्रिक्वेन्सी घसरते; तेव्हा पहिले काही सेकंद ग्रिडला (वीजजाळ्याला) तारतो तो औष्णिक आणि जलविद्युत संचांचा, जडपणामुळं लगेच न मंदावणारा अवजड फिरता रोटर. नव्या पवनचक्क्या इन्व्हर्टर या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेमार्फत ग्रिडला जोडलेल्या असतात. पाती कितीही घुमली तरी तो आधार ग्रिडला आपोआप मिळत नाही. म्हणून म्हणतो, कोळशाचे जुने संच घाईनं मोडीत काढू नका.

कोयनाकाठ
दादा, ५ एप्रिल २०२० आठवा. पंतप्रधानांच्या आवाहनावरून रात्री ९ ला देशभर दिवे मालवले, देशाची मागणी सुमारे ३१ हजार मेगावॅटनं घसरली, लगेच परत चढली. फ्रिक्वेन्सी ४९.७० ते ५०.२६ मध्येच राहिली. सगळ्यात मोठा भार पेलला तो पाण्यानं, म्हणजे जलविद्युत संचांनी! कोळशाला इतक्या झपाट्यानं वरखाली होणं जमत नाही.

सबस्टेशनवाला
ताई, ती वेळ दोन दिवस आधी ठाऊक होती. बिघाड सांगून येत नाही. ९ ऑगस्ट २०१९ ला ब्रिटनमध्ये लाईनवर वीज पडली आणि हॉर्नसीचा समुद्रातला पवनप्रकल्प व एक गॅस प्रकल्प पाठोपाठ बसले, म्हणजे बंद पडले. फ्रिक्वेन्सी ४८.८, दहा लाखांवर ग्राहक अंधारात. आणि पाण्याचं म्हणाल तर कोयना धरणातून वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला वळवायच्या पाण्याला कृष्णा पाणीतंटा लवादानं वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातली आहे.

कोयनाकाठ
मर्यादा मान्य. पण गॅस प्रकल्पही बसला, हे तुम्हीच लिहिलंत. हॉर्नसीत वारा पडला नव्हता, नियंत्रणप्रणाली चुकली होती.

चाळकेवाडीकर
तुम्ही दोघं रोटर आणि कोळसा एकच धरून चालला आहात. ग्रिडला जडपणा हवा, धूर नव्हे. जर्मनीत बिब्लिसची अणुभट्टी बंद झाल्यावर तिथलंच जनित्र २०१२ पासून नुसतं फिरतं ठेवलं, इंधनाशिवाय. दक्षिण ऑस्ट्रेलियात २०१६ मध्ये अख्खं राज्य अंधारात गेलं. तिथं आधी १०० मेगावॅटची बॅटरी आली, मग असेच इंधनाशिवाय नुसते फिरणारे चार सिंक्रोनस कंडेन्सर बसवले. परळी-भुसावळच्या निवृत्त संचांची जनित्रं भंगारात घालण्याआधी कुणी हे तपासावं, अशी माझी कळकळीची मागणी आहे.

सबस्टेशनवाला
हे पटतं. फक्त फिरतं ठेवायलाही वीज लागते, देखभाल लागते. तो खर्च पवनविजेच्या दरात धरा, शेतकऱ्याच्या बिलात नको.

कोयनाकाठ
मग कोळशाच्या राखेचा खर्चही कोळशाच्या दरात धरा, दादा.