मदत हवी आहे: पाइपच्या तंबाखूवर पांढरं आलंय, टाकू का?

डोंबिवली_पूर्व: तीन वर्षं मुरत ठेवलेली तंबाखू काल उघडली, वर पांढरे ठिपके. बुरशी की दुसरं काही? रविवारी मित्र येतोय, लवकर सांगा.

कडूनिंब: कुठली तंबाखू? कशात ठेवली होती? फोटो टाका.

सीमाभाग: आमच्या निपाणीत आजोबांच्या वखारीत पोत्यांची थप्पी असायची. पावसाळ्यात खाली फळ्या आणि भिंतीपासून हातभर अंतर, हे ते कधी चुकवत नसत.

कडूनिंब: ती बिडीची, दादा. इथे पाइपचं चाललंय.

डोंबिवली_पूर्व: व्हर्जिनिया फ्लेक, म्हणजे पानं दाबून पातळ काप केलेली. डब्यात होती. फोटो नीट येत नाही.

जुना_पाइप: डबा कसला? मध्ये पाणी वगैरे मारलं होतं का?

डोंबिवली_पूर्व: प्लास्टिकचा, झाकण घट्ट. जुलैत कोरडी वाटली म्हणून सफरचंदाची फोड ठेवली होती. दोन दिवस. आठवडाही असेल.

जुना_पाइप: मग बुरशीच धरा. फोडीचं पाणी एकाच जागी उतरतं आणि फोड स्वतःही सडते. तरी टॉर्च मारून बघा: साखरेच्या कणांसारखं चमकलं तर स्फटिक, कापसासारखं तंतुमय दिसलं तर बुरशी. वासही घ्या.

थंड_डोक्याने: सरळ फ्रीजमध्ये ठेवायची. माझी पाच वर्षं तशीच आहे.

जुना_पाइप: तशीच आहे, म्हणजे मुरली नाही! व्हर्जिनियात साखर भरपूर, म्हणून ती वर्षांगणिक गोड होते. त्याला घरातलीच हवा बरी, फक्त ऊन नको. फ्रीजमध्ये ते सगळं मंदावतं.

थंड_डोक्याने: मुंबईच्या दमटपणात तुमची घरातली हवा तुम्हालाच लखलाभ.

कडूनिंब: काचेच्या बरणीत बाहेरचा दमटपणा शिरतच नाही. लाटाकिया, म्हणजे धुरी दिलेली तंबाखू, मात्र फार वर्षं ठेवू नका, धुराचा वास उतरत जातो.

मोकळा_श्वास: मी आठ वर्षांपूर्वी सोडली. तुम्हीही सोडा, मनापासून सांगतोय.

डोंबिवली_पूर्व: ते नंतर बोलू. टॉर्च मारला. कापसासारखंच आहे, थरांच्या मधेही. वास कुबट.

जुना_पाइप: सगळी टाका. वरचं खरवडून उरलेली ओढू नका, ते फुप्फुसात जातं.

डोंबिवली_पूर्व: टाकली. जीव तुटला. दुसऱ्या डब्यातली पाव किलो चांगली आहे, तिला फोड लावली नव्हती. लोणच्याच्या बरण्या चालतील?

जुना_पाइप: लोणच्याच्या नकोत, रबरात मसाल्याचा वास बसलेला असतो. नव्या घ्या, उकळून दिवसभर उन्हात वाळवा. छोट्या घ्या, म्हणजे एक उघडली तरी बाकीच्या बंद राहतात. वर तारीख लिहा.