पूर्वीच्या कडक शिक्षांमुळे गुन्हे खरंच कमी व्हायचे का?

मुसाफिर८
कुठलीही भयंकर बातमी आली की खाली ठरलेल्या कमेंट्स, हात तोडा, भर चौकात लटकवा, पूर्वी असंच करायचे म्हणून लोक वचकून असायचे. राग मलाही येतोच. कडेलोट होता, हत्तीच्या पायी द्यायचे, युरोपात चाकाला बांधून हाडं मोडायचे. पण त्याने गुन्हे थांबले होते का? कुणी वाचलं असेल तर सांगा.

जुनी_पानं
इंग्लंडचं बघा. १८०० च्या आसपास तिथे २०० पेक्षा जास्त गुन्ह्यांना कायद्याने फाशी होती, खिशातून शिलिंगभराच्या (शिलिंग म्हणजे तिथलं जुनं नाणं) वर काही मारलं तरी फाशी, ते १८०८ ला बंद झालं. आणि तरी फाशी बघायला जमलेल्या गर्दीतच पाकीटमार लोकांचे खिसे कापायचे! कारण सापडण्याची भीतीच नव्हती, लंडनला धड पोलीस दल मिळालं ते १८२९ मध्ये. दुसरं म्हणजे शिक्षा इतकी जबर की ज्यूरीचाच (दोषी की निर्दोष ठरवणारे सामान्य नागरिक) हात धजावायचा नाही. घरातून ४० शिलिंगचा माल चोरला की फाशी, म्हणून ज्यूरी मुद्दाम चोरीच्या मालाची किंमत ३९ शिलिंग लावायची, माल कितीही महागाचा असला तरी. पुढे १८३० मध्ये तर बँकवाल्यांनीच पार्लमेंटकडे अर्ज केला की बनावट कागदपत्रांसाठीची फाशी काढा, कारण फाशीच्या धास्तीने ज्यूरी कुणाला दोषीच धरत नाही आणि नुकसान आमचं होतंय. ज्यांचे पैसे बुडत होते तेच शिक्षा कमी करा म्हणत होते, यावर जरा थांबून विचार करा.

स्पष्टच_बोलते
हे सगळं मान्य, पण ज्याच्या घरातलं माणूस गेलंय त्याला काय सांगायचं? केस वर्षानुवर्षं चालते, तारखांवर तारखा, साक्षीदार फुटतात, आरोपी जामिनावर समोरून फिरतो. चौकात फाशी द्या म्हणणारे सगळे क्रूर नसतात हो, त्यांचा कोर्टावरचा भरवसा उडालेला असतो.

अमोल_नि
ताई तुमचा मुद्दा एकदम बरोबर, आणि गंमत नाही पण इटलीच्या बेकारिया नावाच्या विचारवंताने १७६४ मध्ये नेमकं हेच लिहिलंय, शिक्षा लवकर व्हायला हवी आणि नक्की व्हायला हवी, ती किती भयानक आहे याने तेवढा फरक पडत नाही. त्याच्या फक्त सात वर्षं आधी पॅरिसमध्ये राजावर चाकू चालवणाऱ्या दामियाँला चार घोडे लावून फाडलं होतं, राजाची जखम किरकोळ होती. आणि माणूस चुकीचा पकडला असेल तर? अमेरिकेत एकदा फाशीची शिक्षा झालेला माणूस १९९३ मध्ये डीएनए टेस्टमुळे निर्दोष सुटला. चौकातल्या फाशीत तेवढा वेळच मिळाला नसता.

स्पष्टच_बोलते
निर्दोष माणसाचं पटलं. पण मग लवकर निकालासाठी पण तेवढ्याच जोरात बोला सगळे, न्यायाधीश वाढवा, साक्षीदारांना संरक्षण द्या. त्यावर मात्र कुणी कमेंट करत नाही.