घरचा फळांचा आइस टी : तुमचा अनुभव काय?

पुणे (धागा काढणारी)

उन्हाळ्यात चारच्या चहाची तल्लफ काही कमी होत नाही, पण वाफाळता कप नकोसा होतो. म्हणून मार्च संपत आला की आमच्या फ्रिजमध्ये बिनदुधाच्या चहाचा एक जग कायम भरलेला असतो, आणि मंडईत त्या आठवड्यात जे फळ चांगलं दिसेल ते त्यात पडतं. तयार पुडी मी आणत नाही. पाकिटावरची घटकांची यादी वाचून बघा, बहुतेकांवर पहिलं नाव साखरेचं असतं. घरी केला की फळ खरं असतं आणि गोडी आपल्या हातात राहते.

माझं ठाम मत असं की फळ कुठलंही घ्या, आधी चहा जमला पाहिजे. आपल्याला चहा खळखळ उकळायची सवय. दुधाच्या चहाला ती चालते, कारण दूध तुरटपणा पोटात घेतं. इथे दूधच नाही. एक लिटर पाण्याला उकळी आली की गॅस बंद, चार चमचे पत्ती चहा, वर झाकण, तीन-चार मिनिटांत गाळून मोकळं व्हायचं. बारीक दाण्यांची सीटीसी पावडर असेल तर दोन मिनिटं पुरे, ती झटकन उतरते. चहा जास्त वेळ राहिला तर नंतर त्यात कितीही फळ घाला, तुरटपणा जिभेवर राहतोच. साखर थंड चहात विरघळत नाही, तळाला बसते. म्हणून साखर आणि पाणी समान मापाने गरम करून ते साखरपाणी मी बाटलीत भरून ठेवते.

तर आपापल्या गावचं फळ, चहा कुठला, काय केल्यावर चव लागली, सगळं सविस्तर लिहा. कुठलं फळ चहात शोभत नाही तेही लिहा.

कुडाळ

आमच्याकडे पहिला मान कोकमाचा. एप्रिल-मेमध्ये ताजे रतांबे, म्हणजे कोकमाची फळं, मिळतात. ते धुऊन, पुसून, अर्धे कापायचे, बिया काढायच्या आणि प्रत्येक वाटीत साखर भरून काचेच्या बरणीत थर लावायचे. बरणीच्या तोंडाला फडकं बांधून उन्हात ठेवायची. साखर विरघळून गडद लाल रस सुटतो, तो गाळून घेतला की झालं अमृत कोकम. पेलाभर गार चहात त्याचे दोन मोठे चमचे घालते. लिंबू लागत नाही, आंबटपणा कोकमाचाच पुरतो.

रंग तर बघत राहावा असा येतो. पेला खिडकीशी धरला की आरपार माणकासारखा लाल दिसतो. एक सांगून ठेवते, बाटलीतलं आगळ, म्हणजे कोकमाचा रस, यात घालू नका. ते टिकण्यासाठी मीठ घालून केलेलं असतं, ते सोलकढीला.

डोंबिवली

मी पाणी तापवतच नाही. रात्री भांडी आवरली की काचेच्या बाटलीत एक लिटर पिण्याचं गार पाणी, त्यात दहा-बारा ग्रॅम दार्जिलिंग पत्ती, आणि बाटली थेट फ्रिजमध्ये. सकाळी गाळते, म्हणजे सात-आठ तास मिळतात. गार पाण्यात तुरट द्रव्यं कमी उतरतात, त्यामुळे हा चहा मुळातच मऊ लागतो आणि साखर निम्मीही पुरते. ज्यांना चहाने ॲसिडिटी होते अशा माझ्या दोन मैत्रिणींना हाच मानवतो.

फळ मात्र सकाळी. मोसंबीच्या चकत्या रात्रभर चहात ठेवल्या तर सालीखालचा पांढरा भाग कडवटपणा सोडतो. निघताना रस पिळायचा, पुदिन्याची पानं हातावर एकदा थोपटून टाकायची आणि थर्मासमध्ये भरायचं. सहाच्या गाडीला परतताना तो थंडगार घोट मिळाला की लोकलची गर्दी सुसह्य होते.

नागपूर

संत्र्याच्या गावातून लिहितो आहे, तर संत्र्याबद्दलच लिहितो. संत्र्याचा रस काढून ठेवायचा नाही. पिळल्यावर गोड लागणारा रस काही वेळाने आपोआप कडू होतो. लिमोनिन नावाचं द्रव्य त्यात हळूहळू तयार होतं, त्याचा हा गुण, त्यात फळ खराब असतं असं काही नाही. बिया मिक्सरमध्ये भरडल्या गेल्या तर आणखीच कडू. म्हणून रस हाताने पिळायचा आणि ज्या क्षणी प्यायचं त्या क्षणी घालायचा.

आमचा मृग बहार, म्हणजे पावसाच्या सुरुवातीला फुलणाऱ्या संत्र्याचं पीक, साधारण फेब्रुवारी ते एप्रिल येतो. मे महिन्यात चांगलं संत्रं मिळणं कठीण. त्यासाठी आई साली वाळवून ठेवते, आतला पांढरा भाग सुरीने खरवडून काढून. चहा झाकताना त्यात सालीचे चार तुकडे टाकायचे. सालीतल्या तेलाचा वास चहाला असा धरतो की रस नसला तरी संत्रं समोर असल्यासारखं वाटतं.

इथे पारा 45 अंशांवर जातो तेव्हा बरेच जण चहाची बरणी गच्चीवर उन्हात ठेवून 'सन टी' करतात. कृपा करून करू नका. बरणीतलं पाणी जंतू मरतील इतकं तापत नाही, ते वाढतील इतकं कोमट मात्र तासन्‌तास राहतं. एक तर उकळत्या पाण्याचा करा, नाही तर डोंबिवलीच्या ताई करतात तसा फ्रिजमध्ये.

ठाणे

माझा चहा गाळल्यावर स्वच्छ दिसतो आणि फ्रिजमध्ये गेला की गढूळ होतो. चव ठीक असते, पण पाहुण्यांना द्यायला नको वाटतं. कुणाला कारण माहीत आहे का?

कुन्नूर

ठाणेकर, चहा बिघडलेला नाही, निर्धास्त राहा. चहातलं कॅफिन आणि तुरट द्रव्यं गरम पाण्यात सुटी असतात, गार होताना एकमेकांना चिकटतात आणि त्याचा गढूळपणा दिसतो. चहा जितका कडक, तितका तो जास्त. आसामच्या कडक सीटीसीला हमखास येतो. गाळलेला चहा आधी ओट्यावर निवू द्या, मग फ्रिजमध्ये ठेवा, आणि गढूळ झालाच तर त्यात थोडं उकळतं पाणी घाला, परत निवळतो.

नोकरीमुळे निलगिरीत राहायला आलो आणि इथल्या पत्तीच्या प्रेमात पडलो. निलगिरीचा ऑर्थोडॉक्स चहा (दाणेदार नव्हे, पानं वळून केलेला) गार केला तरी बऱ्यापैकी नितळ राहतो, म्हणून आइस टीसाठी त्याला पूर्वीपासून मागणी आहे. त्याला स्वतःचा एक फुलांसारखा सौम्य गंध असतो. फळ घालताना हात राखून घाला, नाहीतर चहा कशाला घेतला असं होतं. लिंबू पिळल्यावर रंग एकदम फिका पडतो, तेही घाबरण्याचं कारण नाही. आंबटपणाने चहाचा रंग उतरतोच.

पाचगणी

आमच्याकडे पाहुण्यांसाठी चार खोल्या आहेत, त्यामुळे हंगामात रोज मोठं पातेलंभर होतो. स्ट्रॉबेरी शिजवू नका, एवढंच कळकळीचं सांगणं आहे. शिजली की जॅमचा वास येतो आणि ताजेपणा जातो. फळं धुऊन, देठ काढून, पातळ काप करायचे, वर साखर भुरभुरायची आणि भांडं झाकून दोन तास विसरायचं. फळ आपला रस आपण सोडतं. तो रस आणि काप दोन्ही गार चहात. तुतीचंही तसंच, पण तुती गोडसर असते, तिला लिंबू हवंच.

इथला हंगाम नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत संपत येतो, म्हणजे खरा उन्हाळा लागतो तेव्हा फळ संपलेलं असतं. म्हणून मार्चमध्ये उतरत्या भावाची, लहान पण पूर्ण लाल फळं घेऊन ताटात सुटी सुटी गोठवते आणि मग पिशवीत भरते. मे महिन्यात हीच बर्फाऐवजी पेल्यात टाकायची. चहा पाणचट होत नाही आणि शेवटी चमच्याने खायला फळ उरतं. कलिंगडाचे चौकोनी तुकडेही असेच गोठवा. कलिंगडाचा रस चहात पाणी पाणी लागतो, तुकडे मात्र छान लागतात.

अटलांटा

इथे दक्षिणेत आइस टी म्हणजे घराघरातलं रोजचं पेय. हॉटेलात नुसतं 'टी' म्हटलं तर गारच येतो, तोही चांगला गोड. साखर चहा गरम असतानाच विरघळवतात. 1904 साली सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात रिचर्ड ब्लेचिन्डन यांनी उन्हाळ्यात गरम चहा कुणी घेईना म्हणून त्यात बर्फ घातला आणि आइस टी जन्मला, अशी गोष्ट सगळीकडे सांगतात. त्या प्रदर्शनाने तो लोकप्रिय केला हे खरं, पण 1879 सालच्या व्हर्जिनियातल्या एका पाककृतींच्या पुस्तकात त्याची कृती आधीच छापलेली आहे, आणि ती चक्क हिरव्या चहाची आहे, लिंबू घातलेली.

जॉर्जिया हे पीचचं राज्य, तेव्हा आमच्याकडे जून-जुलैत पीच. बियांभोवतीचा लालसर गर आणि साल टाकून देऊ नका, सगळा सुगंध तिथे असतो. फळाचे तुकडे सालीसकट साखरपाण्यात मंद आचेवर दहा मिनिटं ठेवते (बी मात्र काढायची), झाकून निववते आणि न दाबता गाळते. दाबलं की गर उतरतो आणि चहा दाट होतो. सासूबाई आल्या होत्या तेव्हा त्यांनी त्यात आल्याचा तुकडा ठेचून घातला. तेव्हापासून आमच्या घरी आल्याशिवाय पीच टी होत नाही.

दिल्ली

अटलांटाच्या ताईंची कृती आपल्याकडच्या आडूला अगदी लागू पडते. मे-जूनमध्ये हिमाचल-उत्तराखंडचा आडू इथे हातगाडीवर मिळतो. थोडा कडक, आंबटगोड असाच निवडा. आलुबुखाऱ्याचाही करून बघा, रंग फार सुरेख येतो.

छत्रपती संभाजीनगर

मी आहारतज्ज्ञ आहे, म्हणून दोन गोष्टी लिहिते. जेवणाबरोबर आइस टी ठेवायची पद्धत आता घरोघरी येते आहे, ती टाळा. चहातल्या तुरट द्रव्यांमुळे डाळी, पालेभाज्या, बाजरी यांतलं लोह अंगी कमी लागतं. हिमोग्लोबिन कमी असलेल्या बायकांनी आणि मुलींनी जेवणाच्या आधी-नंतर तासभर तरी चहा घेऊ नये, गरम असो की गार. आणि गार चहा सरबतासारखा घटाघटा जातो, म्हणून लहान मुलांना द्यायचा मोह होतो. त्यांच्यासाठी त्याच जगाशेजारी चहाशिवायचं फळाचं पाणी सबजा घालून ठेवा. मुलं तोच पेला मागतात, हा माझा घरचा अनुभव.

रत्नागिरी

कुणीच आंब्याचं लिहिलं नाही, म्हणून लिहितो. पिकलेला हापूस चहात घालू नये. रस दाट, तो तळाला बसतो, वर नुसता चहा राहतो, आणि हापूसचा स्वाद चहाखाली दबतो. एवढं फळ ते, तसंच खावं! चहात घालायची ती कैरी.

सातारा

रत्नागिरीकर दादा, कैरीचं एकदम मान्य. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आमच्याकडे आंबेडाळ आणि पन्हं असतंच, ते तसंच राहतं. पण बायका पाच वाजता येतात आणि 'चहा नाही का?' असं हळूच विचारतात. त्यांच्यासाठी मी पन्ह्याच्याच गराचा आइस टी करते. कैऱ्या उकडून गर काढायचा, गूळ नाही, साखरपाणी, वेलची अगदी चिमूट. चहा मात्र दुप्पट कडक करायचा, पण जास्त वेळ ठेवून नव्हे, पत्ती दुप्पट घालून. अर्धा लिटर उकळत्या पाण्यात आठ चमचे, चारच मिनिटं, आणि गाळून त्यात अर्धा लिटर बर्फ-पाणी. गर आधी थोड्या चहात घोटून घ्यायचा, मग जगात. नाहीतर गुठळ्या राहतात. एका लिटरमध्ये लहान वाटीचे सहा-सात पेले होतात, त्यावर तुमचा हिशोब धरा.

चहा झाकताना गवती चहाची दोन पाती गाठ मारून टाका. कुंडीत लावलेली असतात, पण गरम चहाखेरीज ती वापरायचं कुणाच्या मनात येत नाही. कैरी आणि गवती चहा यांचं फार जमतं.

पुणे (धागा काढणारी)

सातारच्या काकू, गवती चहाची पाती आजच तोडून आणली. पाचगणीच्या ताईंचं पटलं, पण आमच्या फ्रीजरमध्ये जागा करायला आधी मटार संपवावे लागतील.

हा चहा किती दिवस टिकतो, असं दोघींनी विचारलं होतं. नुसता गाळलेला चहा मी फ्रिजमध्ये दोन दिवस ठेवते, फळ घातलेला त्याच दिवशी संपवते.

जांभळाचा करून पाहिला तो असा : जांभूळ आणि चहा दोन्ही तुरट, म्हणून चहा नेहमीच्या निम्मा हलका ठेवला, गर हाताने कुस्करून गाळला आणि वर काळं मीठ. बरा लागतो, पण मला जांभूळ नुसतंच आवडतं. करवंदाचं अजून कुणी लिहिलेलं नाही. महाबळेश्वरच्या वाटेवर आता द्रोणात दिसायला लागली आहेत. त्यांचा चीक गाळताना त्रास देतो का, आणि आधी उकडावी लागतात का? केला असेल त्यांनी पाऊस लागायच्या आत लिहा.