ओकावांगोला जुलैतच जा
बडोद्याच्या मंडळींचा जुलैत बोट्स्वानाला जायचा बेत आहे आणि त्यांच्यातल्या एका ताईंनी विचारलंय, तेव्हा तिकडे पाऊस नसतो, मग विमानातून फोटो काढताना तिथली ओकावांगो नदीची दलदल कोरडी तर दिसणार नाही ना? मुळीच नाही! आपली बडोद्याची विश्वामित्री नदी फुगलेली असते तेव्हा तिकडे कोरडा हिवाळा असतो हे खरं. पण अंगोलाच्या डोंगरांत डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास पडलेला पाऊस त्या सपाट मुलखातून इतका सावकाश उतरतो, की पाणी जून ते ऑगस्टमध्येच सर्वांत जास्त चढतं.

दलदलीतली बेटं मात्र डोळे भरून बघा, माझा जीव त्यांच्यातच अडकलाय. बरीच बेटं वाळवीच्या वारुळांपासून सुरू झालेली आहेत. कडेला गर्द झाडी आणि मधोमध पांढरा, उघडा डाग. झाडं पाणी शोषतात, क्षार मागे राहून मध्यभागी साठतात आणि तिथे मग फारसं काही उगवत नाही. पपायरसमधून (पाण्यात वाढणाऱ्या उंच लव्हाळ्यातून) गेलेल्या वाटा दिसल्या तर त्या बहुधा पाणघोड्यांच्या.

विमानाच्या खिडकीतून पोलरायझर (चमक कमी करणारा लेन्सवरचा फिल्टर) वापरू नका, इंद्रधनुषी पट्टे येतात. जमलं तर दलदलीजवळच्या माउन गावाहून दार काढलेलं हेलिकॉप्टर घ्या, तेही सकाळी लवकर किंवा उतरत्या उन्हात. कॅमेऱ्याचं शटर १/१००० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवा. कोपर हेलिकॉप्टरच्या दाराच्या चौकटीला टेकवलात तर थरथर थेट फोटोत उतरते. लेन्सहूड (लेन्सच्या पुढची ऊन अडवणारी कडा) आधीच काढून ठेवा, वाऱ्याने उडतो. ड्रोन घरीच राहू द्या, तिथल्या राष्ट्रीय उद्यानांत परवानगीशिवाय मनाई आहे.